निळ्या स्वेटरची मॅडम

अंगठा हनुवटीला टेकवायचा. बाकीची बोटं पसरलेली, मोकळी. दोनदा टेकवायचा.

*

सायबर कॅफेच्या काचेवर चिकटवलेला कागद: चपला बाहेर. गेम खेळताना शिव्या देऊ नयेत. प्रिंट काढण्याआधी विचारावे.

*

पूर्णा गावात ज्या जमिनीत वाल पेरायचे, तिथे आता पत्र्याच्या छपराखाली टायर ठेवलेले असतात. टायरांना ऊन लागू नये म्हणून केवढी काळजी.

*

बर्फ पडतो आहे: दोन्ही हात डोक्याच्या वर न्यायचे आणि बोटं हलवत हलवत सावकाश खाली आणायचे.

*

गुणाबाई म्हणते, पोरीची नजर काढा. काढून झाली की म्हणते, आता दुसऱ्या बाजूनं काढा.

*

पान उतरत आहे. थांबा.

*

कारखान्यात कुणी कुणाला हाक मारत नाही.

*

मारून उपयोग नसतो. भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात आत शिरलं की स्वतःचा आवाजही स्वतःला ऐकू येत नाही. मनोज तिथे मुकादम होता. पूर्णा गावचा आगरी. जमीन गोदामवाल्यांना गेली तेव्हा बाप रामनाथ गावातच राहिला आणि मनोज आई गुणाबाई आणि बायको पार्वतीला घेऊन शहरात, कारखान्याला लागून असलेल्या खोल्यांत आला. त्याच्या हाताखाली निजामचाचा होता, उत्तर प्रदेशाचा. मल्लेशम होता, त्याला तेलुगूशिवाय काही धड येत नव्हतं. तिघांच्या तीन भाषा, पण माग चालू असताना तिघांचं बोलणं एकच. धागा तुटला की दोन बोटांची कात्री. आडव्या दोऱ्याची कांडी संपली की मूठ उलटी. शेठ येतोय हे सांगायला पोटासमोर मोठा गोल. हा गोल शेठनेही एकदा पाहिला आणि त्याला वाटलं, नवा ठोक माल आलाय.

म्हणून मुलीला, रुचिकाला, ऐकू येत नाही, कानामागच्या यंत्राचाही फारसा उपयोग होणार नाही, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पार्वती दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली आणि मनोज म्हणाला,

"आपल्याकडं तरी कोण ऐकतंय? बोलतोच ना आपण."

तो हे धीर द्यायला म्हणाला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

*

शब्द: आई

पार्वतीने कुणाला न विचारता सुरू केलेला: नाकातल्या चमकीला बोट लावायचं. म्हणजे आई. ओठाच्या वर बोट फिरवून मिशी दाखवायची, म्हणजे बाबा. आजी म्हणजे पदर ओढून खोकायचं, कारण गुणाबाई खोकते. रुचिका चार वर्षांची होती आणि तिच्याकडे असे मूठभर शब्द होते. त्यात भूक होती, झोप होती, मार होता. उद्या नव्हता. का नव्हतं.

का हा शब्दच नव्हता, हे मनोजला लागलं. पोरगी एखाद्या गोष्टीकडे बघत राहायची, मग त्याच्याकडे बघायची, तोंड किंचित उघडं, आणि पुढे काहीच नाही. विचारायचंय हे दिसायचं. काय विचारायचंय ते दिसायचं नाही.

*

शुक्रवारी कारखाना बंद असतो. मितेशचा सायबर कॅफे उघडा असतो.

"मितेशभाय, बहिऱ्या पोरांना शिकवायचं काय असतंय का यात?"

"यात सगळं असतं मनोजभाऊ. फक्त सापडायला पाहिजे."

मितेशने इंग्रजीत काहीतरी लिहिलं. पान वरून खाली हळूहळू उतरलं, आधी निळी पट्टी, मग शब्दांची रांग, मग पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन. चौकोनात एक बाई. निळा स्वेटर, कापलेले केस. मितेशने एका शब्दावर टिचकी मारली. बराच वेळ काही झालं नाही. मग बाईने हात उचलला, हवेत काहीतरी केलं आणि परत खाली ठेवला.

"हा काय पिक्चर हाय?"

"शाळा आहे. इंटरनेटवरची. शब्द दाबायचा, मॅडम करून दाखवणार. परत दाबायचा, परत दाखवणार. कंटाळणार नाही, छडी मारणार नाही, फी घेणार नाही."

"मग तू कशाची घेतोस?"

"खुर्चीची."

मितेशने दूध कुठला शब्द ते दाखवलं, मनोजने त्यावर टिचकी मारली. मॅडमने मूठ वळली, सोडली, वळली, सोडली. म्हशीचं आचळ पिळावं तसं. मनोज मोठ्याने हसला. इतक्या लांबच्या, स्वेटर घातलेल्या बाईला धार काढता येते!

"हे अमेरिकेचं आहे हां," मितेश म्हणाला. "आधीच सांगतो."

"असू दे. हात काय अमेरिकन असतोय? माझ्याकडं तेलुगू हाय, भय्या हाय, मी आगरी. तोंडानं एकमेकांचं काय कळत न्हाय. हातानं सगळं कळतंय. हाताला कसला देश?"

मितेशने खांदे उडवले. "तेही खरंच."

तिथेच, त्या शुक्रवारी, कुणाला काही कळायच्या आत, चूक घडून गेली होती.

*

मितेशच्या खुर्च्या गुडघ्याला गुडघा लागेल अशा होत्या. हात पसरता यायचे नाहीत. मनोज उभा राहायचा. एका हाताने माउस, दुसऱ्याने मॅडमचं करून बघायचं. शेजारी गोळ्या झाडणारी पोरं गेम थांबवून बघायची.

"अंकल, कराटे?"

"हां, कराटे. नाव काय तुझं? तुझ्यावरच करून बघतो."

खुणा कागदावर उतरवता येत नव्हत्या. त्याने एकदा चित्रं काढून पाहिली, तर सगळे हात वांग्यासारखे आले. मग तो शिकलेले शब्द हातातच धरून घरी यायचा. मंडईतून, मशिदीच्या गल्लीतून, सांडपाण्याच्या कडेने, पुन्हा पुन्हा तेच करत. पाणी: तीन बोटं हनुवटीला. झाड: कोपर तळहातावर, पंजा वर हलवत. फळवाल्याला वाटायचं मुकादम मनातल्या मनात भांडतोय. एकदा फळवाल्याच्या भावाने वाटेत गाठलं, हात धरून खूप वेळ गप्पा मारल्या, आणि घरी पोचेपर्यंत मनोजच्या हातातून दोन शब्द गळून गेले होते.

रुचिका दारातच बसलेली असायची. त्याच्या तोंडाकडे बघायची नाही, थेट हातांकडे. बाप बाजारातून आला की पोरं पिशवीकडे बघतात तसं.

*

शब्द: आई (पुन्हा)

"हे न्हाय. अंगठा हनुवटीला. असा."

"हनुवटीला काय हाय माझ्या? चमकी नाकात हाय. पोरीला कळतंय की."

"कळतंय म्हणून काय झालं? ते आपलं घरगुती. उद्या शाळेत गेली, मोठी झाली, चार लोकांत बसली, तर हसतील तिला. ही शिकलेल्या लोकांची भाषा हाय."

"तुमच्या मॅडमच्या नाकात चमकी न्हाय, म्हणून तिनं हनुवटी धरली."

गुणाबाई खोकत हसली. मनोज हसला नाही. रुचिकाने आईकडे बघून नाकाला बोट लावलं की तो तिचं बोट धरायचा आणि हनुवटीपाशी आणून अंगठा उघडायचा. रागावून नाही. पण प्रत्येक वेळी. मिशीचंही तसंच. मॅडमकडे बाबा कपाळावर होता. काही दिवसांनी पोरीने नाकाला हात लावणं सोडलं, आणि मग पार्वतीनेही. दुपारी दोघीच असायच्या तेव्हा पार्वती तिला काही सांगायची नाही, नुसतं खायला द्यायची. चुकलं तर संध्याकाळी बाप पुन्हा सगळं दुरुस्त करत बसेल.

*

शब्द: का

बोटं कपाळाला लावायची, मग हात पुढे आणताना मधली तीन मिटायची. अंगठा आणि करंगळी बाहेर.

हा शब्द तिला मिळाला त्या दिवसापासून घरात कुणाला चैन राहिलं नाही.

भिंत हलते, का? (कारखान्याची भिंत आणि त्यांची भिंत एकच होती. तिचा तळहात दिवसभर तिथेच.) आजी तोंड उघडते मिटते, का? कोंबडी झोपते, का? तू केस काळे करतोस, का? मनोजकडे यंत्राला शब्द नव्हता, कोंबडीला होता, केसांना होता, म्हातारपणाला नव्हता. तो शुक्रवारपर्यंत थांब म्हणायचा. थांब हा शब्द होता.

एकदा तो तिला कारखान्यात घेऊन गेला. दिव्याच्या उजेडात कापसाचे बारीक तंतू तरंगत खाली येत होते, निजामचाचाच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. रुचिकाने वर बघितलं, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि बोटं हलवत हलवत खाली आणले. बर्फ पडतो आहे. मॅडमच्या पानावर तो शब्द होता म्हणून मनोजने तो तिला शिकवला होता, कधी लागणार नाही हे माहीत असून.

निजामचाचाने हातांनीच विचारलं, काय म्हणते?

मनोजने हात वर केले, थांबला. कारखान्याच्या खुणांमध्ये बर्फ नव्हता. तो चाचाच्या कानाला तोंड लावून ओरडला, "बरफ गिर रहा है!"

चाचाने छताकडे बघितलं. "बोलो उससे, यहाँ बारा महीने गिरता है!"

त्या दिवशी मनोज इतका खूश होता की त्याने मल्लेशमची एक मोठी चूक पाहूनही सोडून दिली.

*

तिला मॅडमला भेटायचं होतं.

मनोजने समजावलं, लांब आहे. तिने विचारलं, मग तू दर शुक्रवारी कसा जातोस? शेवटी तो तिला मितेशकडे घेऊन गेला. खुर्चीवर उभी केली. चौकोनात मॅडम आली. रुचिकाने आधी फ्रॉक सारखा केला. मग विचारलं, तुझं नाव काय?

मॅडमने गालावर बोटाचं पेर फिरवलं. सफरचंद.

तुझं नाव काय?

सफरचंद.

रुचिका बापाकडे वळली. तिला दिसत नाही का? ती आंधळी आहे?

मितेशने विचारलं, काय म्हणते. मनोजने सांगितलं. मितेश गल्ल्यावर डोकं ठेवून हसला, मग उठून पोरीला थंड पेय आणून दिलं. मनोजही हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं की आत्ता, या शहरात, या सगळ्या खाडीपट्ट्यात, पोरीने विचारलेलं त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणालाच कळलेलं नाही. तेव्हा त्याला त्याचा अभिमान वाटला.

*

जून २००७. रुचिका सात वर्षांची. जवळच्या शाळेत जागा मिळाली नाही. पेणच्या रस्त्याला बहिऱ्या मुलांची एक शाळा होती, राहण्याची सोय असलेली. तिघं एसटीने गेली.

फाटकातून आत आल्यावर मनोज थांबलाच. मधली सुट्टी होती. सगळं पटांगण हातांनी बोलत होतं. भांडत होतं, चिडवत होतं, एकमेकांच्या पाठीवर थापा मारून इकडे बघ म्हणत होतं. आवाज नव्हता, आणि तरी त्याने इतका कल्ला कधी पाहिला नव्हता. पोचलो एकदाचे, असं त्याला वाटलं.

मग तो ओळखीचे शब्द शोधू लागला.

फार वेगात बोलतायत, असं त्याने आधी मानलं. मग एका हळू बोलणाऱ्या लहान मुलाकडे पाहिलं. मग दुसऱ्याकडे. पाणी शोधलं. का शोधलं, इतक्या पोरांमध्ये का असणारच. एक उंच मुलगी रुचिकापाशी आली. तिने पार्वतीकडे बोट दाखवलं, स्वतःच्या नाकाच्या बाजूला बोट लावलं, भुवया उंचावल्या. मनोजकडे बोट दाखवून ओठाच्या वर मिशी फिरवली, पुन्हा भुवया उंचावल्या.

ही आई? हे बाबा?

रुचिका उत्तर देईना. ती घाबरून बापाकडे बघत होती. नाकाला हात लावायचा नसतो, हे तिला पक्कं माहीत होतं.

पार्वतीने सगळं पाहिलं. पदर पुढे ओढला आणि पटांगणाच्या कडेच्या जास्वंदीकडे बघत राहिली.

*

स्नेहाबाई तिथल्या शिक्षिका. सुभाष सर शिवणकाम शिकवायचे. ते स्वतः जन्मापासून बहिरे. भराभर हात चालवणारा मोठा माणूस रुचिकाने पहिल्यांदाच पाहिला. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि सुरू झाली. एसटी, रस्त्यात दिसलेला उंट, आजीचा खोकला, मॅडम आंधळी आहे, भिंत हलते, तुमची भिंत का हलत नाही?

सरांनी सगळं शांतपणे पाहिलं. मध्ये तोडलं नाही. मग स्नेहाबाईंकडे वळून काही विचारलं. बाई हसल्या, मग हसू आवरलं.

"सर विचारतायत, मुलगी बाहेरच्या देशात वाढली का?"

"न्हाय बाई. पूर्णाची हाय. भिवंडीची."

"मग घरात कुणी तिथलं?"

"मॅडम हाय," मनोज म्हणाला. आणि काय म्हणालो ते त्यालाच ऐकू आलं. "म्हणजे कॉम्प्युटरात. निळ्या स्वेटरची."

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. हे बघा, खुणांची भाषा प्रत्येक देशाची वेगळी असते. आपल्याला वाटतं हात सगळीकडे सारखेच."

"हाताची पण वेगळी?"

"हाताची पण."

"म्हणजे मी शिकवलं ते सगळं चुकीचं."

"चुकीचं अजिबात नाही. अख्खी भाषा आहे ती. तिथल्या मुलांमध्ये हिला सोडलं तर संध्याकाळपर्यंत मैत्रिणी करेल. पण इथे तिच्याशी बोलणार कोण? तुम्ही आणि ती. बाकी कोणी नाही."

सुभाष सरांनी मनोजच्या खांद्याला हात लावला आणि त्याच्या डोळ्यांसमोर सावकाश काहीतरी केलं. मनोजला त्यातलं अक्षरही कळलं नाही. रुचिका बापाकडे बघत होती. तिला वाटलं होतं बापाला हातांचं सगळं कळतं.

"सर म्हणतायत," बाई म्हणाल्या, "तुम्ही फार मेहनत घेतलीत."

परतीच्या एसटीत पार्वती एकदाही म्हणाली नाही की मी सांगत होते. म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

*

महिन्यातल्या पहिल्या रविवारी भेट.

पोरगी फाटकाला लागूनच उभी. मनोज दिसल्याबरोबर हात सुटायचे. जेवण, पलंग, पावसात फुटलेली कौलं, चिमटा काढणारी मुलगी, तिने चिमटा काढला, का? मुली हसतात, का? मी पाणी म्हणते, त्या बघतच नाहीत, का? घरी. आता. तू, मी, आता. तो तिला समजावायचा, हसवायचा, चिमट्याची नक्कल करून दाखवायचा. पाच तास दोघांचे हात थांबायचे नाहीत. पार्वती बाजूला बसून संत्री सोलायची.

पावसाळा गेला, तरी तसंच.

मग वसतिगृहाच्या बाई एकदा मनोजला बाजूला घेऊन बोलल्या. वाईट वाटून घेऊ नका म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "तुम्ही येता, ती पोटभर बोलून घेते. तुम्ही गेलात की मुलींकडे पाठ करून बसते. तिला त्यांची गरजच वाटत नाही हो. महिनाभर सगळं साठवते आणि तुमची वाट बघते."

मनोज स्नेहाबाईंकडे गेला. "मी काय करू?"

"आमचे शब्द तुम्हीही शिका. हळूहळू दोन्ही होतील."

"मी शिकेपर्यंत तिचं काय?"

मनोज उत्तराला थांबला नाही, उठून निघाला. यंत्रमागावर दोन ताण्यांचा, उभ्या धाग्यांचा, गुंता झाला की त्यातला एक कापावा लागतो, एवढंच त्याला माहीत होतं. कुणी त्याला असं कर म्हणून सांगितलं नव्हतं.

*

पुढच्या रविवारी तो हात खिशात घालून उभा राहिला.

रुचिका धावत आली. बोलली. थांबली. पुन्हा बोलली, मोठ्याने, म्हणजे हात रुंद करून. त्याने मान हलवली. कळत नाही.

का?

त्याने मान हलवली.

तिने त्याचं मनगट धरून हात खिशातून बाहेर ओढला. हात बाहेर आला आणि तसाच लोंबत राहिला. तिने थोडा विचार केला. तिला वाटलं असणार, बाप विसरला. माणसं विसरतात, ती स्वतःही एकदा विसरली होती. मग तिने शिकवायला घेतलं. त्याची तीन बोटं सरळ केली, बाकीची मिटवली, हात उचलून हनुवटीला लावला. पाणी. त्याच्या डोळ्यांत बघितलं. कळलं? त्याची मूठ वळली, सोडली, वळली, सोडली. दूध. अगदी सावकाश, त्याने तिला शिकवलं होतं तसं, मध्ये मध्ये शाबास म्हणत.

त्याने मान हलवली.

"अवं," पार्वती म्हणाली. "अवं, नका करू असं."

रुचिकाने त्याचा अंगठा धरला आणि कपाळाला लावला. त्याच्याच कपाळाला. बाबा.

त्याने हात काढून घेतला आणि खिशात घातला.

ती त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिली. रडली नाही. मग आईच्या मांडीवर जाऊन बसली, आणि संत्रं खाऊन झाल्यावर, भेटीची वेळ संपायला बराच अवकाश असताना, मुली खेळत होत्या तिकडे निघून गेली. पटांगणाच्या कडेला थोडी घुटमळली. चिमटा काढणाऱ्या मुलीने तिला हात केला.

एसटीत पार्वती खिडकीकडे तोंड करून बसली. पनवेल गेल्यावर म्हणाली, "बाप हाय का कोण?"

मनोजने सांगितलं, हात दुखतायत.

त्यानंतर तीन-चार भेटींत हात खिशातच होते. मग तिने विचारणं सोडलं.

*

शिमग्याला ती घरी आली. वाढली होती, वेणी घट्ट होती, तिने स्वतःच घातलेली. दारात पाऊल टाकताच पार्वतीकडे बघून तिने नाकाला बोट लावलं आणि पार्वती तशीच चुलीपुढून उठून आली. दोघी दिवसभर बोलत होत्या. पार्वतीला सगळं कळत नव्हतं, पण बरंच कळत होतं. न कळलेलं ती चेहऱ्यावरून उचलायची आणि चुकली की पोरगी हसून तिच्या हातावर चापट मारायची. एकदा रुचिकाने वसतिगृहाच्या बाईंची नक्कल केली आणि गुणाबाईला इतका खोकला आला की पाठ चोळावी लागली.

मनोज उंबऱ्यावर बसून बघत होता. आता चालेल, असं त्याला वाटलं. आता तिच्याकडे तिची माणसं आहेत. आता बोललो तर काही बिघडणार नाही.

पार्वती पुरणाला बसली तशी रुचिका त्याच्या शेजारी येऊन टेकली. त्याने हात बाहेर काढले. कितीतरी दिवसांनी, चाचपडत, त्याने विचारलं: तू खूश आहेस?

रुचिकाने त्याच्या हातांकडे बघितलं आणि मान डोलावली. हो.

शाळा चांगली आहे?

मान डोलावली. गोड हसली.

त्याला कळेना नेमकं काय खटकतंय. लग्नात एखादी आत्या तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन काहीबाही बोलायची, तेव्हा रुचिका अशीच डोलायची. आत्याला वाईट वाटू नये म्हणून. सगळ्यांशीच ती तसं करायची. फक्त त्याच्याशी कधी केलं नव्हतं. त्याच्याशी ती भांडायची.

मनोजने हात उचलले आणि अगदी स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून, सांगितलं: म्हैस झाडावर बसली आहे.

रुचिकाने मान डोलावली. हो. मग त्याच्या गुडघ्यावर थोपटलं, म्हाताऱ्या माणसाला थोपटतात तसं, आणि आईला मदत करायला आत गेली.

*

"मनोजभाऊ! किती दिवसांनी. मॅडम लावू?"

"आपल्याकडची हाय का बघ. इंडियाची."

मितेशने शोधलं. एक पान उतरलं, त्यात एका इमारतीचा फोटो होता. दुसऱ्यावर एका पुस्तकाचं नाव होतं. पुस्तक कुठे मिळतं ते दिलं नव्हतं. हात कुठेच नव्हते. मितेशने अजून दोनतीनदा शब्द बदलून पाहिले, कारण मनोज उठत नव्हता.

"नाही मिळत. कुणी टाकलं नसेल अजून. टाकतील ना कधीतरी."

"कवा?"

"आता ते मी कसं सांगू?"

मनोज उठला. मितेशने खुर्चीचे पैसे घेतले नाहीत. मनोज मंडईतून घरी आला, मशिदीच्या गल्लीतून, हात सरळ खाली सोडून. फळवाल्याने नमस्कार केला.

कारखान्यात अजून कधी कधी त्याच्याकडून चूक व्हायची. कांडी संपल्याचं सांगायला मूठ उलटी करायची, तर हात हनुवटीकडे किंवा कपाळाकडे जायचा, आणि पलीकडच्या मागावर मल्लेशम गोंधळून उभा राहायचा. निजामचाचा दुरून बघायचा.

*

२००१ च्या उन्हाळ्यात, रुचिका एक वर्षाची व्हायची होती तेव्हा, एका दुपारी वीज गेली आणि गल्लीतले सगळे कारखाने एकाच क्षणी बंद पडले. मागांच्या आवाजात झोपायची सवय असलेली आळीतली सगळी तान्ही पोरं त्या शांततेने दचकून रडत उठली, आणि रुचिका झोपून राहिली.